किलकेनीची कोरी पानं

टपालपेटीची किल्ली हाताला थंड लागायला लागली, की मी समजते, हिवाळा आला. कुणाला हिवाळा हवेतून कळतो, कुणाला पानगळीतून. मला तो या किल्लीतून कळतो. डब्लिनच्या सँडीफोर्ड उपनगरातल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लोखंडी पेट्यांची रांग आहे. त्यातली आमची पेटी उघडायला मी खाली जाते, तेव्हा दुपारीच दिवे लागलेले असतात. डिसेंबर आलाय. बातम्यांत पुन्हा नव्या लाटेबद्दल बोलतायत, ऑफिसने पुन्हा घरूनच काम करा म्हणून कळवलंय, लुआसच्या ट्राम पुन्हा अर्ध्या रिकाम्या धावतायत. आणि मला मागचा हिवाळा आठवतोय. आठवतोय म्हणजे काय, तो गेलाच कुठे होता? कोटाच्या खिशात, जुन्या मास्कबरोबर पडून होता.

मागच्या हिवाळ्यात टपाल हा माझ्या घरचा कारभार होता. आम्ही सात जण, सगळे विज्ञानकथांचे वेडे, आयर्लंडभर विखुरलेले, आणि आमचा एक गठ्ठा. पद्धत जुनी आहे, ऐकणाऱ्याला जरा येडपट वाटते. प्रत्येकाने आपलं एक पान लिहायचं: वाचलेल्या कथेबद्दल, डोक्यात घोळणाऱ्या एखाद्या ग्रहाबद्दल, नाहीतर सरळ घरच्या गळक्या नळाबद्दल. त्याच्या सात प्रती स्वतःच छापायच्या आणि गठ्ठा बांधणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवायच्या. ठरलेल्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर सात ढीग मांडते आणि पंगतीत वाढपी फिरतो तशी टेबलाभोवती फिरत एकेका ढिगातलं एकेक पान उचलते. दोन महिन्यांतून एकदा सात गठ्ठे सात दिशांना जातात. पुढच्या वेळी लिहिताना आपलं घोडं दामटण्याआधी मागच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाच्या पानाला उत्तर द्यायचं. एक ओळ का होईना, पण द्यायचं. कुणाचं पान अनुत्तरित ठेवणं म्हणजे दारी आलेल्याला पाणीही न विचारणं.

निखिल, माझा नवरा, सुरुवातीला म्हणायचा, "अगं, त्यापेक्षा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढा ना. पाच मिनिटांत उत्तर."

"पाच मिनिटांत उत्तर येतं तिथे कुणी विचार करून लिहीत नाही," मी ऐटीत म्हणायचे. वाक्य माझं नव्हतं. डेक्लनचं होतं.

डेक्लन किलकेनीजवळ एकटे राहतात. सत्तरी कधीच मागे पडलेली, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. डब्लिनच्या एका संमेलनात ते मला भेटले, तेव्हा महामारीचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. तरुणपणी ते अशाच गठ्ठ्यांत लिहीत असत. तेव्हा त्यांची पानं समुद्र ओलांडून जात. पहिला लॉकडाऊन लागला आणि आम्ही सगळे दिवसभर पडद्यांकडे बघून आंबलो, तेव्हा त्यांनीच ही टूम काढली. माझी मैत्रीण शलाका लगेच तयार झाली. ती नागपूरची, लेटरकेनीच्या इस्पितळात डॉक्टर. आमची ओळख इथल्या गणपतीतली: प्रसादाच्या रांगेत परग्रहवासीयांना नाक असेल की नाही यावरून भांडलो आणि मैत्री जमली. बाकीचे चौघे कारखान्यांत नि प्रयोगशाळांत नोकऱ्या करणारे, भले लोक. गठ्ठ्याची भाषा इंग्रजी, पण शलाकाचे नि माझे एकमेकींना काढलेले चिमटे मराठीत.

आम्ही सहा जण आपापली पानं संगणकावर छापायचो. डेक्लन मात्र घरामागच्या शेडमध्ये हाताने फिरवायच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर. त्यांचं पहिलं पाकीट मी उघडलं आणि तो वास आला. दाट, काळा, जरासा रॉकेलकडे झुकणारा. मी पुण्यातल्या शाळेत जाऊन पोचले. सहामाहीचा पहिला पेपर, बाई बाकांमधून प्रश्नपत्रिका वाटत येतायत, ताज्या सायक्लोस्टाइलचा वास त्यांच्याआधी पोचतोय, आणि माझ्या तळहातांना घाम. तेव्हा वाटायचं, जगात याहून मोठी भीती नसेल. पण त्या पेपरांना निदान वेळापत्रक असायचं.

त्या वर्षी भीतीला वेळापत्रक नव्हतं. ती लिफ्टच्या बटणावर होती, ट्रॉलीच्या दांड्यावर होती, शेजाऱ्याच्या खोकल्यात होती. मी आलेली पाकिटं थेट घरात घेत नसे. बाल्कनीत एक प्लॅस्टिकचा खोका ठेवला होता. त्यात ती तीन दिवस पडून राहत, मग हातमोजे घालून मी उघडत असे. माझी लेक इरा, तेव्हा नऊ वर्षांची, इथल्या मुलांसारखी आईला मॅम म्हणणारी, बाल्कनीच्या काचेला नाक लावून विचारायची, "मॅम, इज द पोस्ट स्टिल सिक?"

"हो. उद्या बरं होईल."

हसू यायचं, आणि मग हसू जायचं. कारण घाबरत होते ती फक्त येणाऱ्या पाकिटांना नाही. माझ्या टेबलावर सात घरांचे कागद एकत्र येत होते. इस्पितळातून ड्यूटी संपवून आलेल्या शलाकाने हाताळलेलं पान मी उचलायचे आणि किलकेनीच्या एकट्या म्हाताऱ्याच्या पाकिटात घालायचे. टेबलाभोवती फिरता फिरता मनात यायचं, आपण गठ्ठा बांधतोय की रोग वाटतोय?

शलाकाला एकदा फोनवर हे सांगितलं. ती थकलेली असली की तिचं नागपूर वर येतं.

"काहून घाबरून राहिली तू? कागदानं नाही होत गं, श्वासानं होतं. पाकीट धुण्यापेक्षा खिडकी उघड."

"नक्की ना? तुला खात्री आहे?"

"खात्री तर कशाचीच नाही यार," ती म्हणाली. मी पाकिटं तीन दिवस बाल्कनीत ठेवणं चालूच ठेवलं.

गठ्ठ्याचं एक दुखणं होतं, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. पान खोटं बोलत नाही, पण शिळं बोलतं. शलाकाने लिहिलेलं असायचं की आता वॉर्ड जरा शांत आहे, रात्री झोप लागते. ते मी वाचेपर्यंत वॉर्ड भरून वाहत असायचा आणि ती कुठेतरी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लावत असायची. आम्ही इतकी वर्षं चवीने वाचत आलो होतो की दूरच्या यानातून आलेला निरोप पोचतो तेव्हा पाठवणारा कदाचित उरलेलाही नसतो. कथेत ते किती सुंदर वाटायचं! आता प्रत्येक पान हातात घेताना आधी मनात यायचं, हे लिहिणारा आज कसा आहे? म्हणून मी हट्टाने सगळ्यांकडून एकेका शेजाऱ्याचा फोन नंबर मागून घेतला होता. डेक्लननी कुरकुरत, भिंतीपलीकडे राहणाऱ्या ब्रीड नावाच्या बाईंचा दिला.

त्या हिवाळ्याच्या जरा आधी, शरद ऋतूत, कुणीतरी आपल्या पानात डेक्लनना विचारलं होतं की तुमच्या जुन्या गठ्ठ्यांमध्ये एखादा सभासद वारला तर काय करायचे. त्यांनी पुढच्या पानात उत्तर दिलं. त्या खेपेच्या गठ्ठ्यात, त्या माणसाच्या क्रमाच्या जागी, एक कोरं पान. वर नाव नाही, काळी चौकट नाही. वाचत वाचत येणारा तिथे अडतो, थोडा थांबतो आणि पान उलटतो. एवढंच. खाली त्यांनी आपल्याबद्दल लिहिलं होतं: ज्या दिवशी मी माझं पान स्वतः छापू शकणार नाही, त्या दिवशी मी संपलो असं धरा आणि कोरं पान घाला. तुम्हाला त्रास नको, माझी कोरी पानं मीच पाठवून देईन.

मला ते वाचून राग आला होता. राग म्हणजे भीतीच, फक्त पदर खोचलेली. मी उत्तरात थट्टेने लिहिलं, "कोरी पानं पाठवून सुटका नाही, डेक्लन. कोऱ्या पानालाही उत्तर द्यायचं, असा नियम मी आजपासून करतेय."

मग जानेवारी आला. नाताळात लोक भेटले होते, आणि त्याचं फळ आता रोज संध्याकाळी बातम्यांत ऐकू येत होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. शाळा बंद. इरा दिवसभर टॅबसमोर, निखिल बेडरूममध्ये हेडफोन लावून, मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन. शलाकाचे मेसेज आखडत आखडत एका अंगठ्यावर आले होते. आणि गठ्ठ्याचा दिवस जवळ आलेला. एका सकाळी पेटीत किलकेनीचं पाकीट होतं. पत्ता हाताने लिहिलेला, पण ओळी घसरगुंडीवरून उतरल्यासारख्या खाली गेलेल्या, शेवटचा शब्द पाकिटाबाहेर पडायच्या बेतात. हात थरथरतोय यांचा, माझ्या मनात आलं. आजारी आहेत का? आणि तरीही, ते मनात येऊनही, मी पाकीट नेहमीसारखं बाल्कनीतल्या खोक्यात ठेवलं. तीन दिवस. येता-जाता काचेतून ते दिसत होतं, त्यावर पावसाचे थेंब उडत होते.

शनिवारी दुपारी उघडलं. आत सात कोरे कागद.

मी ते उलटे केले, सुलटे केले. मोजे काढून हाताने चाचपले. पाकीट झटकलं. एकही अक्षर नव्हतं. माझी कोरी पानं मीच पाठवून देईन, ते म्हणाले होते. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट जमीन फार घट्ट झाली, पाय उचलेना. हे पाकीट तीन दिवस माझ्या बाल्कनीत होतं. तीन दिवस एक माणूस जातो म्हणून सांगत होता आणि मी त्याला बाहेर पावसात उभं केलं होतं.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. निखिल बाहेर आला, माझं तोंड बघून त्याने हेडफोन काढले.

"आपण गाडी काढू," मी म्हणाले.

"किलकेनीला? वृंदा, मोटरवेवर गार्डाचे पोलीस अडवतील. आणि जाऊन काय करणार? तो माणूस आजारी असला तर तू दारातून आत जाणारेस?"

मला त्याचा संताप आला, कारण प्रश्न बरोबर होता. शलाकाला फोन केला. तिने उचलला हेच नवल. मागे यंत्रांचे बीप ऐकू येत होते. मी काय सांगतेय ते तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"शेजारणीचा नंबर आहे ना तुझ्याकडे? मग मला काय विचारतेस बाप्पा? लाव ना फोन!"

भीतीने माणूस किती बावळट होतो! मीच गोळा केलेले नंबर मीच विसरले होते. ब्रीडबाईंनी उचलला, बूट घालतानाचा आवाज आला, दार आपटलं. फोन चालूच होता. मला त्यांच्या चालण्याचा, कुंपणाच्या फाटकाचा, मग लांबून डेक्लनच्या नावाने मारलेल्या हाकांचा आवाज ऐकू येत राहिला. हाकेला उत्तर नव्हतं. माझ्या शेजारी इरा येऊन उभी राहिली आणि तिने माझा स्वेटर घट्ट धरला. माझ्या डोक्यात त्या घराच्या सगळ्या खोल्या होत्या, ज्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या प्रत्येक खोलीत मी त्यांना जमिनीवर पडलेलं बघत होते.

मग एक खडखडाट ऐकू यायला लागला. ठराविक लयीत, जवळ जवळ येणारा. आणि ब्रीडबाईंचा आवाज: "ग्रँड, ठणठणीत आहेत गं बाई ते! शेडमध्ये बसलेत मशीन फिरवत, या गोंगाटात फोन कुठला ऐकू येणार? विचारतायत, तुम्हाला त्यांचं पान आवडलं का?"

मी ओट्याला टेकून खाली बसले. रडू आलं ते आवरलं नाही. ब्रीडबाई तेवढ्यात शेडपासून लांब आल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज खाली आला.

"त्यांची नजर पार गेलीय. सांगितलं नाही का तुम्हाला? कप चाचपडून उचलतात."

म्हणजे यंत्रातली शाई संपली होती आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी सात कागद घातले होते, सात वेळा हँडल फिरवलं होतं, यंत्राचा आवाज बरोबर आला होता, जुन्या शाईचा वास होताच. आणि त्यांना वाटत होतं की पान छापलं गेलं.

एक भीती गेली आणि दुसरी येऊन त्याच खुर्चीत बसली. ज्या दिवशी मी छापू शकणार नाही त्या दिवशी मी संपलो. हे त्यांचे शब्द, आणि तो दिवस आलेला होता. तो आलाय हे अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक होतं. मी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांचा आवाज असा खुशीत होता, की माझ्या तोंडून निघालं, "एक जण नव्याने सामील व्हायचं म्हणतोय, त्याच्यासाठी जास्तीची प्रत हवी. स्टेन्सिलच पाठवता का?" स्टेन्सिल म्हणजे तो मेणकागद, ज्यावर टाइप करून अक्षरांची छिद्रं पाडतात आणि त्यातून शाई झिरपते. "पाठवतो, पाठवतो," ते म्हणाले. नवा माणूस येतोय याचाच त्यांना आनंद.

ते पाकीट आलं तेव्हा मी तळमजल्यावरच, पेट्यांसमोर उभी राहून उघडलं. ना मोजे, ना खोका, ना तीन दिवस. वर येऊन तो निळसर मेणकागद मी बाल्कनीच्या काचेवर धरला. बाहेर जानेवारीतलं मरतुकडं ऊन होतं, पण तेवढं पुरलं. एकेक अक्षर उजळलं. कागद धरून टाइप करता येईना, म्हणून इराने तो धरून वाचला आणि मी टाइप करत गेले. तिचे उच्चार इथलेच, त्यामुळे ऐकताना वाटत होतं डेक्लनच लहान होऊन माझ्या घरात बोलतायत. आधी आम्हा सगळ्यांना उत्तरं होती. शलाकाला सांगितलं होतं की दोन घास खात जा. मला लिहिलं होतं की टपाल धुण्याबद्दलची तुझी हकिगत ब्रीडने भिंतीवरून मोठ्याने वाचून दाखवली, आता आमच्या अख्ख्या रस्त्याला तू ठाऊक आहेस. आणि सगळ्यात शेवटी होतं:

"डोळ्यांचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंय. टाइप बोटांना येतं, त्याला डोळे लागत नाहीत. पण छापून आलेलं पान मला दिसत नाही, नुसता पांढरा चौकोन दिसतो. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी खरं सांगा, शाई नीट उमटतेय ना?"

इरा वाचायची थांबली. "वॉट विल यू टेल हिम, मॅम?"

मला खोटं सांगायचं होतं. अगदी मनापासून सांगायचं होतं. छान उमटलीय, डेक्लन, मोत्यासारखी. मी त्यांची पानं गुपचूप संगणकावर छापली असती, प्रत्येक खेपेला, आणि कुणाला पत्ता लागला नसता. शलाकाला विचारलं. ती म्हणाली, "पेशंटला खोटं सांगितलं ना, की तो सगळ्यांवरच संशय घेतो. खरं सांग. पण खरं सांगून पळून जाऊ नकोस."

मग मी गठ्ठ्याची रीत मोडली. उत्तर पुढच्या खेपेला द्यायचं असतं; मी त्याच गठ्ठ्यात, त्यांच्या पानाच्या मागे लावलं. लिहिलं, "शाई अजिबात उमटली नव्हती, डेक्लन. मजकूर मात्र सगळा पोचला. यापुढे शाई भरायला ब्रीडना बोलवा. शेडचं दार उघडं ठेवा, दोघांनी मास्क लावा. हँडल तुम्हीच फिरवायचं." ते वाक्य ब्रीडबाई भिंतीवरून मोठ्याने वाचणार, सगळा रस्ता ऐकणार, आणि मधेच डेक्लन हात वर करून पुरे म्हणणार, असं मला दिसत राहिलं. पुढे कित्येक दिवस त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. मला धीर झाला नाही.

मार्चमध्ये पाकीट आलं. पत्त्याचं अक्षर त्यांचं नव्हतं. गोल, बाईमाणसाचं. पेट्यांसमोरच्या फरशीवर बसून मी ते फाडलं आणि तो वास आला, सहामाहीच्या पेपरचा. पानं शाईने बरबटलेली, कडेला अंगठ्यांचे ठसे, निम्मी अक्षरं फुगून एकमेकांत शिरलेली. पहिलीच ओळ: "आता जास्त झाली असेल तर तेही सांगा." माझी दाही बोटं काळी झाली. वर आले, सवयीने नळ सोडला, आणि तसाच बंद केला. त्या वर्षात पहिल्यांदाच मी बाहेरून येऊन हात धुतले नाहीत.

तेव्हापासून दर खेपेला पानं येतायत. टेबलावर त्यांच्या ढिगाच्या जागी शाईचा एक डाग पडलाय. निखिलने घासून पाहिला, गेला नाही. ते सात कोरे कागदही मी टाकलेले नाहीत. कपाटात, चादरींच्या खाली आहेत. का ठेवलेत असं इराने विचारलं होतं, तेव्हा मी विषय बदलला.

नोव्हेंबरचा लांबलेला गठ्ठा रविवारी बांधायचाय. लेटरकेनीचं पाकीट आलं, बाकीचीही आली. आज पेटीत किलकेनीचं नव्हतं. टपाल उशिरा येतं या दिवसांत, ब्रीडबाईंना सर्दी झाली असेल, शाईची नळी मिळाली नसेल. मी रिकाम्या हाताने वर आले आणि टेबलावर सहा ढीग मांडले. सातव्या जागी तो डाग आहे. ब्रीडबाईंचा नंबर समोर आहे, पण लावायचा धीर अजून झालेला नाही. कोऱ्या पानालाही उत्तर द्यायचं, हा नियम मीच केलाय, थट्टेत. पान आलंच नाही तर काय लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.